उंची मोजायची ती खाली येण्यासाठी : बाणापासून नोज कोनमधल्या अल्टिमीटरपर्यंत

(बीड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, की ‘मॉडेल रॉकेटच्या टोकात अल्टिमीटर बसवणं’ हा इतिहासाचा विषय कसा काय? तो तर कार्यशाळेचा विषय. पान्हा, सोल्डरिंग गन आणि बॅटरी घेऊन बसायचं, झालं. आम्ही इतिहासाच्या बाजूने या विषयाकडे आलो त्याला कारण आहे. रॉकेट ही वस्तू आपल्या भागाला नवी नाही. नवी आहे ती तिच्या नाकात बसलेली मोजणी. आग आधी आली, माप फार उशिरा आलं. या दोहोंमध्ये जो काळ गेला त्यात काय काय घडलं, हे आज बघायचं आहे.

आणि हे नुसतं कुतूहलाचं नाही. आता शाळा-कॉलेजांतली मुलं रॉकेट बनवायला लागली आहेत. २०२५ साली उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात इन-स्पेसच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट स्पर्धा झाली. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनाही ते करावंसं वाटणार, आणि वाटायलाच हवं. पण रॉकेट वर गेलं की ते खाली येतं. आपल्याकडे खाली रान असतं, रानात माणसं असतात. कुणी कापूस वेचत असतं, कुणी उसात असतं. म्हणून ‘किती उंच गेलं?’ हा प्रश्न फुशारकीचा नाही. तो ‘कुठे आणि कसं उतरणार?’ या प्रश्नाचा पहिला भाग आहे. आजच्या सगळ्या बोलण्याचं सूत्र हेच आहे.

बाण : आग होती, माप नव्हतं

दिवाळीत आपण आजही ‘बाण उडवला’ असं म्हणतो. हा शब्द जुना आहे. अठराव्या शतकात मराठी फौजांत बाण म्हणजे रॉकेटच. नळीत ठासून दारू भरायची, ती नळी लांब बांबूला बांधायची आणि बत्ती द्यायची. निजामाकडे बाण होते, मराठ्यांकडे होते, म्हैसूरकरांकडे तर लोखंडी नळ्यांचे फार चांगले होते.

आपल्या जिल्ह्याच्या अंगणातच हा इतिहास घडला आहे. गेवराई तालुक्यातलं गोदाकाठचं राक्षसभुवन आपण शनीच्या देवस्थानामुळे ओळखतो. तिथेच १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशवे आणि निजाम यांच्यात लढाई झाली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, ११ मार्च १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली. खर्डा आज जामखेड तालुक्यात, म्हणजे आपल्या शिवेपलीकडे. त्या लढाईचं वर्णन ग्रँट डफने केलं आहे. निजामाचे पठाण घोडेस्वार पुढे सरकत असताना नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्यांच्यावर बाणांचा वर्षाव केला आणि त्याच वेळी उंचवट्यावर मांडलेल्या पेराँच्या तोफा सुटल्या, असं तो सांगतो.

आता या बाणाकडे कारागिराच्या नजरेने बघा. नळी आहे, दारू आहे, काठी आहे. काठी कशासाठी? दिशा राखण्यासाठी. काठीमुळे हवेचा रेटा मागच्या बाजूला पडतो आणि बाण कोलांट्या न खाता पुढे जातो. ही समज अनुभवातून आलेली, आणि ती पक्की होती. पण नळीचं पुढचं टोक बंद केलेलं असायचं, एवढंच. त्या टोकात बसवण्यासारखं काही नव्हतं. बाण किती उंच गेला हे कुणाला मोजायचं नव्हतं, आणि तो सुखरूप खाली यावा अशी तर कुणाचीच इच्छा नव्हती! शत्रूच्या घोड्यांत गोंधळ उडाला की बाणाचं काम संपलं.

कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे २०१८ मध्ये एका जुन्या विहिरीतून म्हैसूरच्या काळातले एक हजारांहून अधिक लोखंडी बाण निघाले. अशाच बाणांचा मार खाल्लेल्या इंग्रजांनी ते नमुने विलायतेला नेले आणि विल्यम काँग्रेव्हने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावरून आपली रॉकेटं तयार केली. इथवरची सगळी गोष्ट पल्ल्याची आहे, किती लांब गेलं याची. किती उंच, हा प्रश्न अजून आलेलाच नाही.

जमिनीवर उभं राहून आभाळ मोजणं

उंची मोजायची पहिली रीत वर न चढता मोजायची. सावलीवरून झाडाची उंची काढायला आपण शाळेत शिकलो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ‘छायाव्यवहार’ म्हणून प्रकरणच आहे. शंकूची सावली, दिव्याची उंची, त्यांच्यातलं अंतर, असली गणितं त्यात येतात. भास्कराचार्यांनी आपलं गाव ‘विज्जडविड’ सांगितलं आहे. काही अभ्यासक त्यातला ‘विड’ म्हणजे बीड असं मानतात, काही चाळीसगावजवळच्या पाटणचं नाव घेतात. तो वाद आपण आज इथे सोडवणार नाही. नाहीतर बीडमध्ये उभं राहून पाटणच्या बाजूने बोलायची पाळी यायची!

सांगायचा मुद्दा असा, की मॉडेल रॉकेटवाल्यांनी सुरुवातीला हीच रीत वापरली. रॉकेट सोडायच्या जागेपासून मोजून १५० मीटरवर एक जण कोनमापक घेऊन उभा राहतो. रॉकेट शिखरावर पोचलं की कोन वाचतो. समजा ६० अंश आला. ६० अंशाचं टॅन १.७३, त्याला १५० ने गुणलं की २६० मीटर. झाली उंची. खर्च किती? एक कोनमापक, एक दोरा, दोऱ्याला बांधलेलं एक नट.

पण यात गोम आहे. त्या जागी कोन वाचताना एका अंशाची चूक झाली तर उंचीत दहा मीटरचा फरक पडतो. वाऱ्याने रॉकेट तिरकं गेलं तर सगळंच गणित वाकडं होतं, म्हणून दोन ठिकाणांहून कोन घ्यावे लागतात. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे ही उंची खालच्या माणसाला कळते, रॉकेटला कळत नाही. पॅराशूट कधी उघडायचं हे ठरवायला ती उपयोगाची नाही.

हवेचं वजन

रॉकेटला स्वतःची उंची कळायची असेल तर अशी काहीतरी गोष्ट हवी की जी उंचीबरोबर बदलते आणि रॉकेटमध्ये बसून वाचता येते. ती गोष्ट म्हणजे हवेचा दाब.

१९ सप्टेंबर १६४८. फ्रान्समध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्यू द डोम नावाचा डोंगर चढला. वर गेल्यावर नळीतला पारा खालच्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरला. वर हवा कमी, म्हणून तिचा दाब कमी. पण आम्हाला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पेरिएने तशीच एक नळी पायथ्याला मठाच्या बागेत ठेवली होती आणि एका पाद्र्याला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं होतं. का? कारण हवामानानेही दाब बदलतो. खालचा पारा दिवसभर हलला नाही, म्हणून तर वरचा फरक उंचीमुळे पडला असं छातीठोक सांगता आलं. ही ‘खालची नळी’ लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

पाऱ्याची नळी रॉकेटमध्ये बसणार नाही हे उघड आहे. १८४४ मध्ये लुसिएँ विदी याने वेगळा उपाय काढला. धातूची पातळ डबी घ्यायची, आतली हवा काढून टाकायची. बाहेरचा दाब वाढला की डबी दबते, कमी झाला की फुगते. त्या हालचालीला काटा जोडला की झाला बिनपाऱ्याचा वायुभारमापक. पुढे विमानांत बसलेला अल्टिमीटर मूळचा हाच. आज मुलं जे अल्टिमीटर वापरतात त्यातसुद्धा तत्त्व विदीच्या डबीचंच आहे. फक्त धातूच्या जागी सिलिकॉनचा पापुद्रा आला आणि सगळी डबी दोन-अडीच मिलिमीटरची झाली. म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्यापेक्षाही लहान.

बीड समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर आहे. इथे एक हेक्टोपास्कल दाब कमी व्हायला जवळपास पावणेनऊ मीटर वर जावं लागतं. चांगला सेन्सर हेक्टोपास्कलचा आठवा-दहावा भाग ओळखतो. याचा अर्थ एक मजला चढलात तरी त्याला कळतं.

१९२९ : नाकात माप बसलं

१६ मार्च १९२६ ला अमेरिकेत रॉबर्ट गोडार्डने द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. अडीच सेकंद उडालं, सुमारे साडेबारा मीटर वर गेलं. तीन वर्षांनी, १७ जुलै १९२९ ला त्याने जे रॉकेट सोडलं त्यात एक वायुभारमापक, एक तापमापक आणि त्यांची नोंद टिपणारा कॅमेरा बसवला होता. उंची फार नव्हती, तीस मीटरच्या आतबाहेर. आवाजाने आसपासचे लोक मात्र घाबरले आणि पोलीस धावत आले. पण आमच्या मते इतिहासाची रेघ इथे ओढावी. खर्ड्याच्या बाणाचं टोक मारण्यासाठी होतं, या रॉकेटचं टोक विचारण्यासाठी होतं.

त्याच वर्षी, १९२९ मध्ये, फ्रान्समध्ये रॉबेर ब्यूरोने फुग्याबरोबर असं यंत्र वर पाठवलं की ते रेडिओवरून खबर खाली पाठवत राहायचं. पुढच्या वर्षी रशियात मोल्चानॉव्हने तेच केलं. यालाच आपण रेडिओसाँड म्हणतो. कागदी किंवा थर्मोकोलची डबी, आत दाब, तापमान आणि आर्द्रता मोजायची सोय, बॅटरी आणि एक छोटा ट्रान्समीटर. म्हणजे नोज कोनमधल्या इलेक्ट्रॉनिक्सची सख्खी आजीच.

ही आजी आपल्या महाराष्ट्रात वाढली, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९४० च्या दशकात भारतीय हवामान खात्याने स्वतःचे रेडिओसाँड तयार केले. त्यातला पंख्याचा प्रकार पुण्यात विकसित झाला. फुगा वर चढताना वाऱ्याने पंखा फिरायचा आणि त्या पंख्याच्या जोरावर एकेका मापकाची जोडणी ट्रान्समीटरला मिळत जायची. वेगळी मोटर नको, घड्याळ नको. जी हवा मोजायची, तिच्याच बळावर यंत्र चालवायचं! कमी पैशांत काम करणाऱ्या माणसाला सुचणारी ही युक्ती आहे.

आपल्या जवळचं असं केंद्र छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाण्याला आहे. तिथून सोडलेला फुगा वर जाऊन फुटतो आणि डबी वाऱ्याबरोबर जिथे जाईल तिथे उतरते. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठे फुगेही सुटतात, त्यांची उपकरणं तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्रात कुठेही उतरू शकतात. मराठवाड्यातल्या रानात अशी डबी पडली की काय होतं, तुम्ही बघितलं असेल. ‘आभाळातून यंत्र पडलं’, ‘बॉम्ब आहे’, ‘हेरगिरीचं आहे’ अशी बोंब होते. गर्दी जमते, पोलीस पाटलाला बोलावतात. त्यात त्या शेतकऱ्याची चूक नाही. आपल्या डोक्यावर ऐंशी वर्षं काय मोजलं जातंय हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

थुंबा : चर्चमधली कार्यशाळा

२१ नोव्हेंबर १९६३. केरळमधल्या थुंबा या मासेमारांच्या गावातून नाइकी-अपाची हे अमेरिकी रॉकेट सुटलं. ही जागा शोधण्याच्या कामात विक्रम साराभाईंबरोबर एकनाथ वसंत चिटणीस होते, मूळचे कोल्हापूरचे. चुंबकीय विषुववृत्त जवळ हवं ही शास्त्राची अट होती. जागा मिळाली ती मेरी मॅग्डलीनच्या चर्चभोवतीची. चर्च हीच कार्यशाळा झाली. पहिल्या मोजक्या इंजिनिअरांत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते, ते पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. सायकलच्या कॅरिअरवरून नोज कोन नेतानाचं कार्तिए-ब्रेसाँचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल, ते याच थुंब्याचं, तीन वर्षांनंतरचं.

त्या पहिल्या रॉकेटच्या नाकात काय होतं? सोडियम. संध्याकाळच्या वेळी वर जाऊन सोडियमची वाफ सोडायची, सूर्याच्या उजेडात तिचा नारिंगी पट्टा दिसतो, आणि तो वाऱ्याने कसा वाकतो ते वेगवेगळ्या ठिकाणांहून कॅमेऱ्याने टिपायचं. म्हणजे बघा, १९६३ मध्ये, सुमारे दोनशे किलोमीटर उंचीवरचं मोजमाप करायला मूळ रीत कोणती वापरली? दोन ठिकाणांहून कोन घ्यायचे. छायाव्यवहाराचीच पुढची पायरी. जुनी रीत मोडीत निघत नाही, ती नव्या रीतीच्या शेजारी उभी राहते.

नंतर थुंब्याहून हवामानाची रॉकेटं दर बुधवारी सुटू लागली. आधी रशियाची एम-१००, मग आपली रोहिणी आरएच-२००. जिथे फुगे पोचत नाहीत तिथली हवा या छोट्या रॉकेटांनी मोजली. आरएच-२०० सुमारे ७० किलोमीटरपर्यंत जातं.

आणि इथे दुष्काळी भागाचा संबंध येतो. वसंतराव गोवारीकर पुण्याचे, थुंब्यात घन इंधनावर काम केलेले, त्याच अंतराळ केंद्राचे संचालक झालेले. पुढे दिल्लीत विज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये मान्सूनच्या अंदाजाचं सोळा घटकांचं मॉडेल आलं. जमिनीवरच्या, समुद्रावरच्या आणि वरच्या हवेतल्या नोंदी एकत्र करून पावसाचा अंदाज बांधायचा. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सुकडी खाऊन आणि खडी फोडून काढला, त्या आपल्या आई-वडिलांना वरच्या हवेचा दाब म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पण त्यांचं पोट त्याच्यावर अवलंबून होतं. मोजणी ही अशी दूरची वाटणारी आणि जवळची असणारी गोष्ट आहे.

खेळण्याला शिस्त कशी आली

१९५७ च्या सुमारास अमेरिकेत पोरं घरच्या घरी नळ्यांत काहीबाही भरून रॉकेटं उडवायची आणि हात गमवायची, काही जीवही गेले. हॅरी स्टाइन नावाचा, रॉकेट तळावर काम केलेला माणूस यावर लिहीत होता. त्याचा लेख वाचून नेब्रास्कातल्या ऑरव्हिल कार्लाइल या चपला-बुटांच्या दुकानदाराने त्याला स्वतः बनवलेलं कागदी रॉकेट पाठवलं. हलकं शरीर, कारखान्यात बनलेलं, बदलता येणारं छोटं इंजिन आणि उतरायला पॅराशूट. तिथून मॉडेल रॉकेटचा छंद उभा राहिला. म्हणजे हा छंद जन्मालाच सुरक्षेच्या पोटी आला. धातूची नळी नाही, घरी दारू बनवायची नाही, आणि खाली येण्याची सोय असल्याशिवाय वर सोडायचं नाही.

आपल्याकडेही १८८४ चा स्फोटक कायदा आहे. इंजिन हा घरगुती प्रयोगाचा भाग नाही. ते परवानगीने, जाणत्या संस्थेच्या देखरेखीखालीच हाताळायचं. पालकांनी एवढं पक्कं धरलं की पुढचं सगळं, म्हणजे नोज कोन, इलेक्ट्रॉनिक्स, पॅराशूट, हे मुलांच्या हातात बेलाशक देता येतं. खरं शिक्षण त्यातच आहे.

नोज कोनच्या आत

आता आत शिरू. अल्टिमीटर नाकातच का? एक तर टोकाला वजन आलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. हवेचा रेटा जिथे केंद्रित होतो त्या बिंदूच्या निदान एक व्यासभर पुढे तो असेल तर रॉकेट सरळ जातं. खर्ड्याच्या बाणाला जे काम काठी करायची, ते इथे पंख आणि नाकातलं वजन मिळून करतात. दुसरं, इंजिनाची उष्णता आणि पॅराशूट बाहेर ढकलणारा गरम वायू यांपासून नाक लांब असतं.

पण दाब मोजायचा तर बाहेरची हवा आत यायला हवी, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. सहज वाटतं, की नाकाच्या शेंड्यालाच भोक पाडू. तसं केलं तर काय होईल? सेकंदाला १०० मीटर वेगाने जाणाऱ्या रॉकेटच्या शेंड्यावर हवा आदळून सुमारे ५५ हेक्टोपास्कल जादा दाब तयार होतो. वर सांगितलेल्या हिशेबाने ती पावणेपाचशे मीटरची चूक झाली. रॉकेट असेल २०० मीटर वर, आणि अल्टिमीटर म्हणेल मी जमिनीखाली पावणेतीनशे मीटर आहे. आपल्याकडच्या बोअरच्या तळाला! आणि नाकाच्या फुगीर भागाला भोक पाडलं तर तिथे हवा वेगाने घसरते, दाब उलट कमी लागतो.

म्हणून नोज कोन संपल्यावर जी सरळ नळी लागते, तिथे थोडं खाली, भोवताली सारख्या अंतरावर तीन किंवा चार बारीक भोकं पाडतात. एकच भोक नको, कारण रॉकेट जरा तिरकं झालं तरी एका बाजूचा दाब चुकतो, तिन्हींची सरासरी सांभाळून घेते. भोकाचा आकारही वाटेल तसा नाही. १०० घनइंच, म्हणजे सुमारे १.६ लिटर पोकळीला पाव इंचाचं एक भोक, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपल्या शाळेच्या रॉकेटात ४०० मिलिलिटरची पोकळी धरली तर दोनेक मिलिमीटरची तीन भोकं पुरतात. भोक फार लहान असेल तर आतला दाब मागे रेंगाळतो आणि शिखर उशिरा कळतं. फार मोठं असेल तर वाऱ्याच्या झुळका आत शिरतात. कडा पॉलिश पेपरने साफ हव्यात, आणि भोकाच्या अगदी पुढे स्क्रूचं डोकं वर आलेलं नको.

खालच्या बाजूने मात्र ही पोकळी घट्ट बंद हवी. पॅराशूट ढकलणारा वायू आत शिरला तर दाब एकदम वाढतो आणि यंत्राला वाटतं आपण जमिनीवर आलो. सेन्सरवर काळ्या स्पंजचा तुकडा ठेवतात, कारण काही सेन्सरांवर थेट ऊन पडलं तरी आकडा हलतो. बॅटरी नुसती स्प्रिंगच्या कप्प्यात ठेवायची नाही. झटक्याने स्प्रिंग दबते आणि क्षणभर वीज तुटते, तेवढ्यात प्रोसेसर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ती पट्टीने आवळून बांधायची. चालू करायचा स्विच बाहेरून हाताशी हवा, म्हणजे रॉकेट लाँचरवर उभं केल्यावरच यंत्र जागं होईल.

आणि आमच्या भागाची खास गोष्ट. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा नोज कोन छापला तर तो साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवून दाखवा, काय होतं ते!

खालची नळी, परत

आता पास्कलच्या मेहुण्याची ती दुसरी नळी आठवा. लाँचरवर उभा असताना अल्टिमीटर जमिनीवरचा दाब वाचून ठेवतो, आणि त्याच्याशी तुलना करून उंची सांगतो. मठाच्या बागेतला पाद्री आज त्याच चिपमध्ये बसला आहे.

पण तापमानाचं काय? बहुतेक अल्टिमीटर प्रमाण वातावरण धरून चालतात. आपल्या उंचीला ते सुमारे बारा अंश सेल्सिअस मानतात. मे महिन्यात इथे असतात चाळीस. तापलेली हवा विरळ, त्यामुळे तेवढाच दाब उतरायला जास्त उंची लागते. हिशेब केला तर अल्टिमीटर ३०० मीटर दाखवतो तेव्हा रॉकेट खरं ३३० मीटरवर असतं. दहा टक्क्यांचा फरक! उद्या डिसेंबरातल्या पुण्याच्या रॉकेटशी मे महिन्यातल्या बीडच्या रॉकेटची तुलना कुणी केली, तर तापमान विचारल्याशिवाय निकाल देऊ नका. वर्तमानपत्रात ‘विद्यार्थ्यांच्या रॉकेटची विक्रमी झेप’ असा मथळा वाचलात तर दोन प्रश्न विचारा. कशाने मोजली? आणि नोंद कुठे आहे? हे प्रश्न मुलांना नाउमेद करण्यासाठी नाहीत. ज्या मुलाकडे आलेख आहे, त्याला हे प्रश्न आवडतात.

शेवटचं आणि मुद्द्याचं. ३०० मीटरवरून पॅराशूट न उघडता रॉकेट पडलं, तर हवेचा विरोध सोडून दिल्यास जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटर होतो. किलोभराचं नळकांडं या वेगाने रानात काम करणाऱ्या बाईच्या अंगावर आलं तर? आणि उलट, मोठं पॅराशूट शिखरावरच उघडलं तर वारा त्याला दोन शिवार पलीकडे, कुणाच्या तरी उसात नेऊन टाकतो. मग रॉकेट शोधायला पोरं उभा ऊस तुडवतात आणि भांडण लागतं. म्हणून जाणती मंडळी दोन टप्पे करतात. शिखरावर लहान पॅराशूट, त्याने रॉकेट आवरतं पण वेगाने खाली येतं. मग दीड-दोनशे मीटरवर मोठं उघडतं आणि ते हळू उतरतं. हा दुसरा टप्पा नेमका कधी, हे फक्त अल्टिमीटर सांगू शकतो. कोनमापक घेऊन उभा असलेला माणूस कितीही हुशार असला तरी त्याचं ओरडणं रॉकेटला ऐकू जात नाही.

मंडळी, राक्षसभुवन आणि खर्ड्याच्या काळापासून आपल्या आभाळातून बाण गेले, फुगे गेले, पाऊस पाडायला २०१५ मध्ये संभाजीनगरहून विमानंही उडाली. आपण बहुतेक वेळा मान वर करून बघत राहिलो, आणि पडलेल्या वस्तूभोवती गर्दी केली. आता वर जाणारी वस्तू आपली मुलं बनवणार असतील तर तिच्या नाकातलं मापही त्यांनीच बसवलेलं असू द्या, आणि ज्याच्या रानात ती उतरणार त्याला आदल्या दिवशी जाऊन सांगून या. ज्या रॉकेटची जबाबदारी घेता येत नाही ते अजून बाणच आहे. मग त्याला कितीही चकचकीत रंग द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.